कोपरा फाटेल कार्ड

आता माह्या हुशारीचं काय सांगू बाप्पा! चहा घ्या आधी, मंग हसा. हसू आलं तर.

सत्तरच्या पुढचं साल असंन. मी केनवडले नवी सून, माहेर शेलूबाजारचं. सासूले अक्षर वळखू येत नव्हतं, म्हनून माहेरचं कार्ड आलं की माहा दीर अंगनात उभा राहून साऱ्या घराले वाचून दाखवे. आबाचा दमा, मायचं रडनं, सारं गल्लीभर! मले मेल्याहून मेल्यासारखं होये.

म्हनून मी अन् माह्या धाकट्या बहिनीनं, शकूनं, गुप्त लिपी काढली. कार्डाच्या उजव्या कोपऱ्यात तिथ, म्हंजे त्या दिवसाची तिथी, लिहायची. तीज असली, तर हरेक अक्षर तीन घरं पुढं. 'क' लिहायचा असंन, तर 'घ' लिहा. काही झालं तरी उघडं लिहायचं नाही, अशी शपथच घातली मी तिले. दोनचार कार्डांत दीर कटाळला, अन् पोस्टमन कार्ड माह्याच हातात देऊ लागला. माहा रुबाब इचारूच नका!

हिवाळ्यात आबाचा दमा वाढला. कवा कार्ड येते अन् कवा नाही, असं झालं मले. आलं, तं उजवा कोपराच फाटेल. तिथ गायब! पोस्टाच्या थैलीले शिव्या देल्ल्या अन् पाटी घेऊन बसली. तिथ्या पंधरा. पहिला शब्दच पंधरा तऱ्हेनं तपासला असता तर भागलं नसतं का? पन मी शहानी, एकेका तिथीनं सारं कार्ड उतरवून राह्यली होती. सैपाक, धुनं, शेन सांभाळून दोन दिवसांत पंचमीपर्यंत आली.

तिसऱ्या दिवशी सासू लेकीच्या गावाहून परत आली. तिनं माह्या हातातलं कार्ड पाह्यलं अन् पिशवी तशीच खाली ठेवली.

"पोरी, कोन गेलं वं तुह्या घरी?"

कोपरा फाटेल कार्ड म्हंजे मौतीचं कार्ड. आमच्याकडं लेकराले बी ठाऊक. मले बी ठाऊक होतं ना! पन मी त्या कोपऱ्यात तिथ शोधून राह्यली होती.

शेलूबाजारले पोचली, तवा आबाची राख सावडून झाली होती, पाहुने बी परतले होते. थोरली लेक आली नाही, हे बोलूनच गेले. शकू गळ्यात पडून रडली. तिनं तिथ बराबर लिहेली होती. कार्ड टाकायले काकाजवळ देल्लं, अन् काकानं रीत म्हनून कोपरा फाडला.

"मंग तू वाचलं कसं, बाई?" तिनं इचारलं.

"मी नाही वाचलं," मी म्हनलं. "सासूनं वाचलं."