थेंब बघणाऱ्या दगडाबाई

लोणी देवकरच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका लहान कारखान्यात दगडाबाई लोंढे थेंब बघायच्या कामाला होत्या. शिक्षण सातवी. चार वर्षं पॅकिंगमध्ये काढल्यावर नजर चांगली म्हणून त्यांना तपासणीच्या टेबलाशी बसवलं होतं. दिवसभर मान आखडायची, डोळे चुरचुरायचे. घरी गेल्यावर नवरा जयवंता काही विचारायला लागला, की त्या हातानंच थांबवायच्या.

कारखान्यात प्रयोगशाळांसाठी प्लास्टिकच्या चपट्या बश्या बनत. साध्या प्लास्टिकला माणसाच्या पेशी चिकटत नाहीत, आणि चिकटल्या नाहीत तर वाढत नाहीत. म्हणून साच्यातून निघालेल्या बश्या हवा काढलेल्या पेटीत ठेवून आत वीज सोडायची. जांभळा उजेड पडायचा आणि बशीचा तळ बदलायचा. नुसत्या डोळ्यांना ते दिसत नसे. दगडाबाई प्रत्येक ट्रेमधल्या एका बशीत पाण्याचा थेंब सोडत. पसरला तर तळ बदललाय, माल पास; गोल उभा राहिला तर ट्रे बाजूला.

अठ्ठ्याण्णव सालच्या जूनमध्ये पुण्याच्या एका प्रयोगशाळेची तक्रार आली. हाडाच्या मगजातून काढलेल्या मूळपेशी या बश्यांवर धरत नव्हत्या. सुटून तरंगत होत्या, मरत होत्या.

व्यवस्थापक रविंद्र साहेबांनी बाईंना बोलावलं. "लक्ष कुठं होतं तुमचं? तपासणीच्या कागदावर सही तुमची आहे."

"सायेब, मी बघितला तवा थेंब पसरला व्हता."

"पुण्याचे लोक उगाच लिहितील का?"

दुसऱ्या दिवसापासून त्या पुन्हा पॅकिंगला. वाद घालायचं त्राणच उरलं नव्हतं. पत्र्याच्या गोदामातून खोकी वाहताना त्यांना एक खोकं फाटलेलं दिसलं. फेब्रुवारीचा माल, आत त्यांच्याच सहीची चिठ्ठी. जेवणाच्या सुट्टीत त्यांनी त्यातल्या एका बशीत थेंब सोडला. तो टम्म गोल उभा राहिला. मग सकाळीच बनलेली बशी आणून बघितली, तर थेंब झटकन पसरला. खालच्या थरातल्या खोक्यातल्या बशीत तो थोडा तरी पसरला. पत्र्याला टेकलेल्या खोक्यात अजिबात नाही. सगळा उन्हाळा माल त्या तापलेल्या पत्र्याखाली पडून होता, आणि पुण्याला गेलेला मालही त्यातलाच.

आठवड्यानं पुण्याच्या त्या प्रयोगशाळेतल्या अंजली मॅडम पाहणीला आल्या. बोलून काय होणार, असं वाटून दगडाबाई खोकी बांधत राहिल्या. पण मॅडम निघायला लागल्या, तशा त्या उठल्या.

"मॅडम, जरा हितं या. बशी नवी आसती तवा चांगली आसती. उन्हानं तिचा गुण जातोय."

त्यांनी नवी, खालच्या थरातली आणि पत्र्याला टेकलेली अशा तीन बश्या ओळीनं मांडून थेंब सोडले. मॅडम वाकून बघत राहिल्या. रविंद्र साहेब मागे उभे होते.

"मावशी, हे कुणी सांगितलं तुम्हाला?"

"कुणी न्हाय. थेंबच दावतोय की." मग त्यांनी हळूच विचारलं, "त्या पेशी कुणाच्या आसत्यात?"

"मांडीचं ऑपरेशन झालेल्या एका माणसाच्या. त्यानं संमती दिलीये."

"त्यो बरा हाय न्हवं?"

"हो, घरी गेला. चालतो आता."

दगडाबाईंनी मान हलवली. आपल्या टेबलावरून गेलेल्या बशीत कुणाचा तरी जीव मेला, हे तक्रार आल्यापासून त्यांच्या मनात सलत होतं.

पुढे खोक्यांवर तारीख छापली जाऊ लागली आणि मालासाठी गार खोली बांधली. अहवालात बाईंचं नाव नव्हतं. माफीही कुणी मागितली नाही. साहेबांनी फक्त त्यांना पुन्हा तपासणीला घेतलं आणि त्यांचं टेबल त्या गार खोलीत हलवायला सांगितलं. बाहेर वैशाख पेटलेला असताना दगडाबाई आत खांद्यावरून चादर घेऊन बसायच्या. गारव्यानं खांदा धरायचा. सुट्टी झाली की त्या बाहेर येऊन भिंतीला टेकायच्या, आणि ऊन अंगावर घेत थोडा वेळ डोळे मिटून नुसत्या उभ्या राहायच्या.