ओल्या रेतीतून बाहेर

आमच्या घरात 'बंकर' हा शब्द कोणी काढत नसे. काढला की आई हातातलं काम सोडून बाहेर जाऊन उभी राहायची. आणि मी, गणिताची मास्तरीण, दिवसभर पोरांना 'नीट वाचा मग उत्तर द्या' म्हणून झापणारी, मी तो शब्द तिला फोनवर सांगितला. माझ्या अकलेचा उजेड, दुसरं काय!

आधी बाबांचं सांगते. बाबा उकव्याला मँगनीजच्या खाणीत फिटर होते. तिथला बंकर म्हणजे घराएवढा उंच लोखंडी हौद. वरून माल टाकायचा, खालून ट्रकमध्ये सोडायचा. पावसाळ्यात ओला माल आत चिकटून बसतो, मग कोणीतरी वर चढून सब्बलीनं, म्हणजे पहारीनं, तो मोकळा करायचा. मी सातवीत असताना त्या कामावरचा माणूस आला नाही म्हणून बाबा चढले. माल एकदम खाली सुटला आणि बाबा छातीपर्यंत आत गाडले गेले. नवीनच बदलून आलेला एक साहेब कमरेला दोर बांधून आत उतरला, त्यानं बाबांना काखेतून धरलं आणि वरच्या लोकांनी दोघांनाही ओढून काढलं. आई तोवर खाली उभी होती. ती रडली नाही, बोलली नाही, नुसती उभी होती. तेव्हापासून तो शब्द घरातून गेला.

बाबा रिटायर झाले आणि आम्ही बालाघाटला आलो, कारण माझी शाळा इथे. शहराबाहेर एका खाणीची जुनी कॉलनी आहे आणि तिथं गोल्फचं मैदान आहे. मैदान म्हणजे पाच भोकं, थोडं गवत आणि पुष्कळ गायी. पूर्वी तिथं फक्त अफसर खेळायचे. आता अफसरांना वेळ नाही, म्हणून जुने कामगारही खेळतात. बदली होऊन गेलेल्या कुणीतरी बाबांना तीन जुन्या काठ्या दिल्या आणि एकसष्टाव्या वर्षी या माणसाला गोल्फचं याड लागलं. आई म्हणाली, "म्हातारचळ हाय. लोकं तीर्थाले जातात, हे गायीच्या मागं काठी घेऊन फिरतात."

बाबांसोबत खेळायला कोण? तेच साहेब, दोर बांधून उतरलेले. तेही रिटायर होऊन इथंच राहिले. केस सगळे पांढरे झाले, पण बाबांना अजून 'मिस्त्री'च म्हणतात.

आता घोटाळा असा की गोल्फच्या मैदानावर रेतीचे खड्डे असतात. मुद्दाम केलेले, बॉल त्यात पडावा आणि माणसाची फजिती व्हावी म्हणून. आणि त्या खड्ड्यांनाही म्हणतात बंकर! नाव ठेवणाऱ्याला दुसरा शब्द सापडला नाही का, देव जाणे. रेती कोरडी असली की बाबा मजेत बॉल काढायचे. काठीचं पातं झोपवायचं, बॉलच्या दोन बोटं मागं रेतीत मारायचं, की रेतीसोबत बॉलही उडून बाहेर. मोबाईलवर पाहून शिकले होते. पण पावसानं वैनगंगेची ती रेती भिजली की फरशीसारखी घट्ट होते. मग झोपवलेलं पातं वरच्या वर घसरायचं आणि बॉलच्या पोटात बसायचं. बॉल समोरच्या काठावर आपटून परत पायाशी.

साहेब काठावरून म्हणायचे, "अरे मिस्त्री, उठाके बाहर रख दो, चलता है।"

बाबा म्हणायचे, "नहीं साहब, निकलेगा।"

दर वेळी हेच. मला साहेबाचा असा राग यायचा! उपकार मान्य, जन्मभर मान्य. पण हे काय उंटावरून शेळ्या हाकणं? मला वाटायचं, आयुष्यभर या माणसानं 'हे उचल, ते ठेव' ऐकलं, आता खेळातही तेच ऐकायचं का? बाबा त्या अपमानापायीच हट्टाला पेटलेत, असं मी धरून चालले होते.

भर पावसाळ्यातला एक रविवार. मी झाडाखाली स्कूटीवर बसून वह्या तपासत होते आणि बाबा खड्ड्यात घाम गाळत होते. जेवायची वेळ टळली म्हणून आईचा फोन आला. मी तंद्रीत म्हणाले, "अगं, बाबा बंकरात अडकले. आठ खेपा झाल्या, निघूनच नाही राह्यले."

फोन कट झाला. मी पुढची वही घेतली. ही माझी हुशारी.

वीस मिनिटांत ऑटो आला, तो थेट मैदानात. त्यातून आई उतरली. एका पायात चप्पल, हाताला कणीक. "कुठं हाय? कुठं हाय तुहा बाप?" तोंडावर रक्ताचा थेंब नव्हता. मी खड्ड्याकडे बोट दाखवलं. बाबा मांडीभर खोल खड्ड्यात, डोक्यावर टोपी, हातात काठी, पाहत उभे.

आई जवळ गेली. त्यांना पायापासून डोक्यापर्यंत पाहिलं आणि मटकन खाली बसली.

"ह्या खड्ड्यात? अवो, ह्या एवढुशा खड्ड्यात अडकले तुम्ही? पाय उचला अन् या वर!"

"मी नाही अडकलो वं. बॉल अडकला."

"मंग तसं काहून नाही सांगितलं त्या पोरीनं? माह्या जीवाचं पाणी पाणी झालं!" मग माझ्याकडे वळून, "तुले त मी घरी पाह्यते." आणि तिथंच पदर तोंडाला लावून रडायला लागली. उकव्याला राहिलेलं रडणं बहुतेक तेव्हा निघालं. साहेब टोपी काढून दुसरीकडे बघत राहिले. मला जमीन पोटात घेईल तर बरं असं झालं.

दोन दिवस आई आम्हा दोघांशी बोलली नाही. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी बाबांना म्हणाली, "चाला. दाखवा बरं, काय करता त्या रेतीत."

आमच्या वॉर्डात बुद्धविहाराचं बांधकाम चालू आहे, त्याची रेती रस्त्याकडेला पडलेली असते. बाबांनी त्या ढिगाशी मारून दाखवलं. घसरलं. पुन्हा मारलं. पुन्हा घसरलं. आई हसायलाच लागली. लग्नाआधी आई रेजा होती, बांधकामावर रेती-गिट्टी उचलायची. फावड्याचं तिला कोणी काय सांगावं!

"फावडं असं झोपवून मारतात का हो? कोरड्या रेतीले चालते. ओलीले धार उभी दाखवा लागते, तवा शिरते. अन् जोर कायले करता? जोर केला का फावडं उडते अन् आपल्याच नडगीले बसते. धारेले सावकाश रेती खाऊ द्या."

तिनं काठी घेतली, फावड्यासारखीच धरली आणि मारली. बॉल उडून विहाराच्या पाण्याच्या ड्रममध्ये. बाबांचं तोंड उघडंच राहिलं.

मग महिनाभर तेच. रोज संध्याकाळी आई दोन बादल्या पाणी त्या ढिगावर ओतायची, बाबा पातं उभं धरून मारायचे आणि आई पायरीवर बसून ओरडायची, "उभी! धार उभी!" एकदा विहाराचा मिस्तरी वैतागून म्हणाला, "माय, सिमेंट नाही ते, रेती हाय. पाणी मारून तिची तराई कायले करून राह्यल्या?" सगळा वॉर्ड हसला. आई म्हणाली, "तुहं काम पाह्य." मी पायरीवर तिच्याशेजारी बसून वह्या तपासायचे आणि खरं सांगते, मला त्या दोघांचा इतका लळा याआधी कधी लागला नव्हता.

दसऱ्याआधी त्या मैदानावर एक सामना असतो. आदल्या रात्री धो धो पाऊस. आई डबा घेऊन आली, यावेळी दोन्ही पायांत चपला. बाबा आणि साहेब शेवटच्या भोकापर्यंत बरोबरीत होते. आणि बाबांचा बॉल गेला सरळ त्याच खड्ड्यात.

साहेब म्हणाले, "मिस्त्री, गीला है, उठाके रख दो।"

"नहीं साहब, निकलेगा।"

पहिला फटका बाबांनी घाईत मारला, जुन्या सवयीनं पातं झोपवून. बॉल काठावर आपटून परत. आईनं माझा दंड असा दाबला की वळ उठला. दुसऱ्याला धार उभी होती, पण जोर फार. पुन्हा परत. मी मनात म्हणत होते, बापा, राहू द्या आता, उचला तो बॉल. आई मात्र खड्ड्याच्या काठावर जाऊन हळूच बोलली, "जोर नका करू. खाऊ द्या तिले."

बाबांनी श्वास घेतला. काठी सावकाश खाली आली, खस्स आवाज झाला आणि बॉल बाहेर! बसका निघाला, धावत भोकावरून पुढं गेला, पार दुसऱ्या टोकाला. म्हणजे सामना हरले. कोणाचं लक्ष होतं सामन्याकडे!

साहेबांनी वरून हात पुढे केला. बाबांनी तो धरला नाही. दोन्ही हात रेतीत टेकून, गुडघे बरबटून, सावकाश स्वतःच वर चढले. मला वाटलं, आता अपमानाचा सूड उगवतात की काय. पण वर आल्यावर त्यांनी साहेबांचा हात दोन्ही हातांत घेतला.

"साहब, उस टाइम आपने निकाला था," ते म्हणाले. "एक बार अपने हाथ से निकलना था, बस।"

साहेबांनी तो हात सोडला नाही. आणि मी, पावसाळाभर मनात त्या माणसाला शिव्या देणारी, मान खाली घालून आईचा डबा उघडायला लागले.

परतीला आई ऑटोत बसली, मी आणि बाबा स्कूटीवर. फाटकाजवळ गायी आडव्या आल्या म्हणून दोन्ही गाड्या थांबल्या. ऑटोत आई तिरोडीच्या मावशीशी फोनवर मोठ्यानं बोलत होती.

"हौ, बंकरातून," ती म्हणाली. "आपल्या हातानं निघाले ना वं, मी पाह्यलं."