कवळीखालचं मूळ

कवळीवाल्याने आयुष्यभर लोकांच्या दातांवर पोट भरलं, पण तोंड मात्र क्वचितच कुणाचं पाहिलं. दवाखान्यातून प्लॅस्टरचे साचे यायचे, मागच्या खोलीत बसून त्यांवर कवळ्या बसवायच्या, की झालं काम. बायकोची अर्धी कवळीही त्यानेच केलेली. ती लावताना बाई नाक मुरडून म्हणायची, "अहो कवळीवाले, टोचतंय!" तिने नावं ठेवल्याशिवाय त्याला काम पुरं झाल्यासारखं वाटायचंच नाही.

पुढे तिला अल्झायमर झाला. भाजी चिरून झाली की तीच भाजी आणायला पिशवी घेऊन निघायची. तरी नवऱ्याला ओळखायची, चिडवायची, तेवढ्यावर दोघांचं बरं चाललं होतं. मग एका आठवड्यात सगळंच घसरलं. ती जेवेना, दिवसभर पेंगू लागली, कवळी भिरकावू लागली. एका सकाळी त्याच्याकडे रोखून बघत म्हणाली, "तुम्ही कोण? निघा माझ्या घरातून."

मुलगी आधी रडली, मग डोळे पुसून कामाला लागली. "बाबा, आता तुमच्याच्यानं होणार नाही. अशा रुग्णांना सांभाळणाऱ्या एका संस्थेत खोली रिकामी आहे. सोमवारी नेऊ आईला."

"थांब गं, कवळी लागत असेल, म्हणून जेवत नाही ती."

त्याने बायकोचा जुना साचा काढला आणि कवळी आतून घासली. पुन्हा घासली. साच्यावर नीट बसायची, पण बाई तोंडाजवळ आणू देईना. हा पठ्ठ्या आपला घासतोय! शेवटी मुलगी वैतागली.

"साच्यात काय बघताय बाबा? आईच्या तोंडात बघा की!"

तो ओशाळला. टॉर्च आणली, गोडीगुलाबीने तिला आ करायला लावलं. हिरडी टम्म सुजली होती. कवळीखाली राहून गेलेल्या एका जुन्या दाताच्या मुळाशी पू झाला होता, आणि बिचारीला दुखतंय म्हणून सांगताही येत नव्हतं.

दाताच्या डॉक्टरांनी ते मूळ काढून औषधं दिली. मेंदूच्या डॉक्टरबाईंनी दोघा बापलेकींना समोर बसवून समजावलं. "कुठे जंतू शिरले की शरीर मदतीच्या हाका मारतं. त्या हाका म्हणजे सायटोकाइन नावाचे रेणू. त्यांचा निरोप मेंदूपर्यंत पोचतो. मेंदूत राखण करणाऱ्या पेशी असतात, त्या या आजारात आधीच चिडलेल्या. निरोप आला की जास्तच खवळतात आणि घरच्यांवरच, म्हणजे मेंदूच्याच पेशींवर, हात उगारतात. मूळ आजार काही जाणार नाही. पण ही आठवड्यातली घसरण पुष्कळदा भरून येते. लगेच नाही हं, धीर धरा."

"म्हणजे सोमवारी..." कवळीवाल्याने मुलीकडे पाहिलं.

मुलीने तिथूनच संस्थेला फोन केला. म्हणाली, "एवढ्यात नको. बघतो आम्ही."

सूज हळूहळू ओसरली. बाई पेज प्यायली, मग मऊ भात खाऊ लागली. नवऱ्याकडे मात्र अजून परक्यासारखीच बघायची, आणि तो रोज मनातल्या मनात खचायचा. हिरडी भरून आल्यावर एका दुपारी त्याने भीतभीत कवळी पुढे केली. तिने मुकाट्याने लावली. जीभ फिरवली. कपाळाला आठ्या पडल्या. कवळी काढून तिने त्याच्या तळहातावर ठेवली.

"अहो कवळीवाले, किती ढिली झालीय ही! कुणी बिघडवली?"

"मीच," तो म्हणाला. डोळ्यांतलं पाणी थांबेना.

"तरी म्हटलं," ती म्हणाली. "आता रडताय काय? नवी करा."