लालासाहेबांच्या घोड्याची शेपटी

कुंडलात घोड्याची खरूज बरी करावी ती जोतीरामानंच. लढाईत खेचरांच्या पलटणीत तो पाच वर्षं जनावरांच्या डॉक्टरच्या हाताखाली होता. हाताला गुण होता, आणि मनात डूख.

तो लढाईवर असताना त्याची पाखरी नावाची घोडी त्याची बायको, अंजना, सांभाळायची. वरातीला पाखरीच लागे, आणि गावच्या चालीप्रमाणं तिच्यावर झूल पडे ती गावचे मानकरी लालासाहेब यांच्या घरची, आज्याच्या वेळची, मखमली. एका लगीनसराईत लालासाहेबांचा घोडा खरजेनं भिंतीला अंग घाशीत होता. तीच झूल त्याच्या पाठीवरून काढून त्यांनी वरातीला धाडली. न धाडावी तर घराण्याचा मान जातो ना! पंधरवड्यात पाखरीच्या मानेवर खपल्या धरल्या. लालासाहेब पारावर बसून म्हणाले, "बाईमाणसाला खरारा करता येतोय व्हय? घोडी नासवली." पाखरीला पाणवठा बंद झाला. थंडीत ती खुंट्यालाच मेली. खरं काय ते लालासाहेबांच्याच गड्यानं पुढं अंजनाला सांगितलं.

जोतीराम परतला तो रिकाम्या खुंट्यापाशी. अंजनानं त्याला सारं सांगितलं. म्हटलं तर देवमाणूस, पण विसरणारा नव्हे.

सत्तेचाळीसच्या वैशाखात लालासाहेबांच्या मुलाचं, मानसिंगचं, लग्न निघालं आणि घोड्याची खरूज पुन्हा उठली. लालासाहेब स्वतः जोतीरामाच्या दारी आले.

"जोतीराम, घोडा वाचीव रं."

"वाचवतो की. पर मी सांगंन तसं करायचं. केस समदं उतरवायचं, आयाळ-शेपटीसकट. मग गंधक आन् करंजेल. आन् झूल जाळायची, पारापुढं. किडा तिच्यातच हाय."

"आज्याची झूल हाय ती."

"आवं, म्हणून तर जुना किडा."

लालासाहेबांनी आपल्या हातानं झुलीला काडी लावली. ती झूल कुणाच्या अंगावरून कुणाच्या अंगावर गेली होती, ते सारा गाव त्या दिवशी समजला. मानसिंगची वरात पायी निघाली. मागं दावणीला तो उघडा घोडा माशा वारायला शेपटीचा बोडका शेंडा हलवीत उभा होता. बायका पदराआड हसल्या. जोतीरामाला लय बरं वाटलं, आणि त्याची त्याला लाजही वाटली नाही.

महिन्यात घोडा खडखडीत बरा झाला. औषधात त्यानं लबाडी केली नव्हती.

"शेपटीलाबी खरूज झाली व्हती?" अंजनानं विचारलं.

"न्हाई," जोतीराम म्हणाला. "शेपटी पाखरीसाठी भादरली."