नऊ वर्षांनी भाऊबीजेला

ह्यांच्या विसरण्याच्या आजाराला तिसरं वर्ष लागलं होतं तेव्हा नणंदेचा फोन आला. "वहिनी, औंदाची भाऊबीज मी धाकट्याच्या घरी करणार हाय, गावाकडं. दादाला घेऊन या. आम्ही तिघं भावंडं आता कधी एकत्र बसणार?" मी नेहमीसारखं काहीतरी कारण सांगणार होते. पण समोर हे सदऱ्याच्या गुंड्या लावत बसले होते, वरची गुंडी खालच्या काजात. मी म्हणाले, "येतो."

जालन्याहून एसटीनं जाफराबाद, तिथून पुढं जीप. फार तर तीन तासांचा रस्ता. तरी आम्ही दोघं नऊ वर्षं तिकडं फिरकलो नव्हतो, आणि त्याला कारण मी होते.

धाकट्या दिराच्या मुलीचं लग्न होतं. पत्रिकेत दिराच्या मेहुण्यांची नावं होती, साडूचं होतं. ह्यांचं, मुलीच्या थोरल्या काकाचं नाव नव्हतं. दीर स्वतः पत्रिका घेऊन आले होते. "छापणाऱ्यानं अख्खी ओळच गाळली, वहिनी. दुसऱ्या छापायला वेळ न्हाई राहिला." मी पाणीसुद्धा विचारलं नाही. दारातच पत्रिका त्यांच्या हातात परत दिली. "जिथं नाव न्हाई तिथं आमचं काय काम?" हे माझ्या मागंच उभे होते. त्या मुलीला ह्यांनी खांद्यावर बसवून पोळा दाखवला होता. तिच्या लग्नाच्या दिवशी हे एमआयडीसीतल्या बियाणं कंपनीत कामावर गेले आणि रोजच्यासारखे, उगवण पाहायला ओल्या कागदावर ठेवलेल्या बियांचे कोंब तपासत बसले.

पुढं दोन-तीनदा ह्यांनी विचारलं, "जाऊन येऊ का एकदा?" मी म्हणायचे, "जा की. मी कुठं अडवलं?" पण ते अशा आवाजात म्हणायचे की ऐकणाऱ्याचा पाय उचलू नये.

भाऊबीजेला गाडीत उभं राहायला जागा मिळत नाही, म्हणून सकाळच्या पहिल्या एसटीनं निघालो. ह्यांना खिडकीशी बसवलं. वरच्या खिशात आमचा पत्ता आणि माझा फोन नंबर लिहिलेली चिठ्ठी होती. गाडी शहराबाहेर पडली तसं ह्यांनी विचारलं, "कुठं जाऊन राह्यलो आपण?"

"गावाकडं. धाकट्या भाऊजींकडं."

ह्यांचा चेहरा उजळला. थोड्या वेळानं म्हणाले, "लई दिवस झाले न्हाई का? का गेलो न्हाई आपण इतके दिवस?"

"तुम्हाला सुट्टी कुठं मिळायची?"

हे पटल्यासारखी मान हलवून बाहेर बघू लागले. कापूस फुटला होता, वेचणीच्या बाया वावरात उतरल्या होत्या. राजूर आलं तेव्हा पुन्हा तोच प्रश्न, आताच सुचल्यासारखा. "का गेलो न्हाई आपण इतके दिवस?" मी म्हणाले, पाऊस फार होता. तिसऱ्यांदा विचारलं तेव्हा मी म्हणाले, माझे गुडघे दुखत होते. ह्यांना प्रत्येक उत्तर पटत होतं. कुणी जाब विचारला असता तर मी भांडले असते. पण हे भोळेपणानं विचारत होते, आणि दर वेळी मला नवं खोटं शोधावं लागत होतं.

जाफराबादला उतरून जीपमध्ये बसलो. माणसं भरेपर्यंत जीप हलेना. ह्यांनी पुन्हा विचारलं. या वेळी मी खालच्या आवाजात म्हणाले, "मी जाऊ दिलं न्हाई तुम्हाला. पत्रिकेत नाव नव्हतं म्हणून मीच हट्ट धरला. माझं चुकलं."

हे माझ्याकडं बघत राहिले. मग माझ्या हातातली पिशवी घेऊन आपल्या मांडीवर ठेवली. "जड हाय," म्हणाले. एवढंच. ह्यांना समजलं की नाही, मला आजही सांगता येत नाही.

दीर रस्त्यावर येऊन थांबले होते. नऊ वर्षांत केस पार पांढरे झाले होते, डोक्याला टोपी आली होती. थेट माझ्या सासऱ्यांसारखे दिसत होते. हे जीपमधून उतरले, त्यांच्याकडं क्षणभर पाहिलं आणि वाकून पाया पडले. "आबा," म्हणाले, "उशीर झाला मला." आबा म्हणजे सासरे. त्यांना जाऊन वीस वर्षं झाली होती. दिरांनी घाईनं ह्यांना उठवलं, छातीशी धरलं. "दादा, मी हाय, धाकटा." हे त्यांच्या खांद्यावर मान टाकून तसेच उभे राहिले.

नणंदेनं दोघांना पाटावर बसवून ओवाळलं. हे शहाण्यासारखे बसले, ओवाळणी घालायची मी खुणावल्यावर घातली. जावेनं माझ्या ताटात आग्रहानं पोळी वाढली. जुनं काही काढलं नाही. त्याचीच मला जास्त लाज वाटली.

जेवणानंतर हे ओसरीवर झोपले. दीर माझ्यापासून जरा अंतरावर येऊन बसले.

"वहिनी, एक सांगायचं राह्यलं. दादा आल्ता. चार-पाच वेळा."

"इथं?"

"घरी न्हाई. जाफराबादच्या स्टँडवर यायचा, मला फोन करून बोलवायचा. आम्ही च्या प्यायचो, घंटाभर बोलत बसायचो, मंग तो परत. वहिनीला सांगू नको म्हणायचा."

कंपनीच्या कामानं देऊळगावला जातो म्हणून हे जायचे, ते दिवस मला आठवत होते.

"शेवटी आला ना," दीर म्हणाले, "तवा मलाच इचारलं, मी कशानं आलो रे? जालन्याची गाडी त्याला वळखू येईना. मी गाडीत बसवून कंडक्टरला सांगितलं, बराबर उतरवा म्हणून. तुम्हाला फोन करावा वाटला. पण तुम्ही घ्याल का न्हाई..." त्यांनी टोपी काढून मांडीवर ठेवली. "तवाच केला असता तर सव्वा वर्ष आधी डॉक्टरला दाखवता आलं असतं."

डॉक्टरांनी मला पहिल्याच दिवशी विचारलं होतं, कधीपासून आहे? मी म्हणाले होते, दोन-तीन महिने. नवऱ्यानं आपल्यापासून चोरून भावाला भेटावं, याचा मला राग यायला हवा होता. आला नाही. एवढ्या साध्या गोष्टीसाठी ह्यांना माझी भीती वाटत होती, तेच आत कुठंतरी रुतत गेलं.

"पाणी न देता पाठवलं होतं तुम्हाला," मी म्हणाले.

"जाऊ द्या वहिनी," दीर म्हणाले. मग म्हणाले, "पण वाईट वाटलं होतं."

त्यांनी ते कबूल केलं, बरं झालं. नुसतं जाऊ द्या म्हणाले असते तर मला जास्त जड गेलं असतं.

ऊन उतरायच्या आत हे उठले आणि घरी चला म्हणू लागले. कुणाचं ऐकेनात. दीर मोटरसायकलवरून जीपच्या मागं मागं जाफराबादपर्यंत आले, आम्हाला जागा धरून दिली. आता ते पंधरा दिवसांनी जालन्याला येतात, ह्यांची दाढी करतात. हे त्यांना कधी आबा म्हणतात, कधी पाहुणे. पुढच्या भाऊबीजेचं बोलावणंही आलं होतं, आम्ही स्टँडवर गेलोही. पण तोवर हे गाडीच्या आवाजाला घाबरायला लागले होते, एसटीच्या दोन पायऱ्या चढून परत उतरले. मी ह्यांचा हात धरला आणि आम्ही स्टँडवरूनच माघारी आलो.