पेटीची दुसरी किल्ली

जीपनं येरमाळ्याबाहेर निघालो, की रिव्हॉल्वर रिकामं, तेही पत्र्याच्या कुलूपबंद पेटीत, आणि गोळ्या परवान्यासोबत माझ्या खिशात, हा माझा नेम होता. घरी आलं की पेटी तशीच बंद आत न्यायची. तिची दुसरी किल्ली फक्त धाकट्या भावाकडं होती. त्यामुळं मी महिनोन् महिने ती उघडूनसुद्धा बघत नसे.

त्या वर्षी परवान्याची मुदत वाढवायला आम्ही दोघं उस्मानाबादला गेलो. "रिकामं आहे साहेब," मी छातीठोकपणे सांगितलं. फौजदारानं उघडून पाहिलं, तर आत सहा गोळ्या. माझ्या सहा माझ्या खिशातच होत्या. त्यानं मला खोटारडा म्हणून रिव्हॉल्वर परवान्यासकट ठेवून घेतलं. 

बाहेर आल्यावर भाऊ म्हणाला, "दिवाळीपासून मीच भरून ठिवलंय, दादा. वाटंत कुणी आडवं आलं तर रिकामं काय कामाचं? तुमच्याच काळजीनं केलं."

काळजी म्हणे! माझी चार वर्षांची पोर जीपमधी त्याच पेटीवर बसायची. आणि तिला उचलून तिथं बसवायचा तोच.