भुकेची शीर

माझे बाबा मालवाहू बोटीवर स्वयंपाकी होते. वर्षातले बरेच महिने समुद्रावर आणि उरलेले तारकर्लीला, घरी. घरी आले की चूल त्यांच्या ताब्यात जायची. आई म्हणायची, "बोटीर रांधून तुमचा मन भरणा नाय? हय तरी गप बसा." ते ऐकायचे नाहीत. बांगडा आला की खोबरं स्वतः पाट्यावर वाटायचे, तिरफळं ठेचून टाकायचे. कालवणाला उकळी फुटली की त्यांचं पोट गुरगुरायचं, चांगलं ओटीवर ऐकू येईल एवढं. "पोटान हाक मारल्यान गो," असं म्हणून ते पहिलं ताट स्वतःसाठीच वाढून घ्यायचे. पाहुणे असले तरी.

त्याच पोटात त्यांना अल्सर होता. रिकाम्या पोटी आग पडायची, खाल्लं की थांबायची. सोड्याच्या पाण्यावर आणि पांढऱ्या औषधाच्या बाटल्यांवर त्यांनी कितीतरी सफरी काढल्या. ऐंशीचं दशक नुकतं लागलं होतं तेव्हा एका सुट्टीत दुखणं इतकं वाढलं की ते गुडघे पोटाशी घेऊन पडून राहायचे. मालवणच्या डॉक्टरांनी कोल्हापूरला जायला सांगितलं. मी तेव्हा कॉलेजात शास्त्र शिकत होते, म्हणून आईने मला बरोबर घेतलं. तिला वाटायचं, डॉक्टरांचं बोलणं मला कळेल.

तिथले सर्जन तरुण होते. बोलताना समोरच्याकडे नीट बघायचे. त्यांनी स्वतःच्या मानेवर बोट ठेवलं आणि ते छातीवरून पोटापर्यंत खाली आणलं. "मेंदूतून एक नस निघते," ते म्हणाले. "ती मानेतून, हृदयाजवळून, अन्ननलिकेला धरून पोटात उतरते. पोटात आम्ल किती करायचं ते ती सांगते. तीच कापली की आम्ल कमी होतं, जखम भरते."

"कापा मग," बाबा म्हणाले. दवाखान्यात ते शुद्ध मराठी बोलायचे, बोटीवरच्या साहेबाशी बोलावं तसं.

"थांबा, पूर्ण ऐका. ती नस फक्त आम्लाचं काम करत नाही. पोट हलवते, पुढे ढकलते. वरच कापली की सगळ्याच फांद्या जातात. मग पोट रिकामं व्हावं म्हणून आतड्याला जोडून नवी वाट करून द्यावी लागते. दुसरी एक पद्धत आहे. आम्ल करणाऱ्या बारीक फांद्या तेवढ्या शोधून कापायच्या, बाकीच्या राखायच्या. तिला वेळ लागतो आणि हात बसलेला लागतो. मी ती पाहिली आहे, स्वतः केलेली नाही. मुंबईत होते. तुम्ही म्हणालात तर चिठ्ठी देतो."

मी ते सगळं आईला आमच्या बोलीत सांगितलं. आई बाबांकडे वळली. "आयकलात? मुंबैक जावया. चार दिवस उशीर झालो तरी चलात."

"थंय खाटीसाठी कितके दिवस बसतलंव?" बाबा म्हणाले. "माका बोटीचा बोलावणा येतला. ह्या सुट्टीत ह्या निस्तरूक होया." मग सर्जनकडे बघून म्हणाले, "साहेब, तुमचा हात ज्यावर बसलाय तेच करा."

सर्जननी मान डोलावली.

ऑपरेशन चांगलं झालं. हे मला मुद्दाम लिहावंसं वाटतं, कारण नंतर गावात लोक काहीबाही बोलले. टाके सुकले. आग थांबली ती कायमची. घरी आल्यावर पहिल्या आठवड्यात बाबा सकाळी उठून नुसते पोटावर हात फिरवत ओटीवर बसायचे. दुखत नाही, याचंच त्यांना अप्रूप.

मग एका रविवारी आईने शिरा केला. बाबांनी वाटीभर खाल्ला, आणि थोड्याच वेळात त्यांना दरदरून घाम फुटला. छाती धडधडायला लागली. आई घाबरून देवासमोर दिवा लावायला धावली. मालवणच्या डॉक्टरांनी सांगितलं, पोटातलं आता थेट आतड्यात उतरतं, असं होणारच. गोड टाळा, थोडं थोडं खा, खाऊन आडवे व्हा. बाबा तसं करायला लागले. चार घास खाल्ले की पोट भरायचं. कधी कधी जेवण अर्धं टाकून परसात पळावं लागायचं. शर्ट अंगावर लोंबायला लागले. बोटीचं बोलावणं आलं तेव्हा ते मुंबईला गेले, आणि तपासणीत नापास होऊन परत आले. ट्रंक माजघरात ठेवली आणि म्हणाले, "झाला आता." एवढंच.

मला वाटलं, समुद्र सुटला म्हणून ते असे गप्प असतात. आईला वाटलं, तिच्या हाताची चव गेली. ती एकेक पदार्थ करून पुढे ठेवायची. मोरी माशाचं मटण, तिसऱ्यांचं सुकं, काळ्या वाटाण्याची आमटी. "मीठ बराबर आसा?" विचारायची. "आसा गो, सगळा बराबर आसा," बाबा म्हणायचे आणि ताट सरकवायचे. एकदा ती रडकुंडीला येऊन म्हणाली, "मग खायत कित्याक नाय?"

बाबा म्हणाले, "चव कळता गो. तुझा काय चुकणा नाय. पण भूक लागणा नाय. सकाळी नाय, रातीक नाय. पोट हाकच मारणा नाय. घड्याळ बघून जेवतंय मी."

त्यानंतर आईने मिठाचं विचारणं बंद केलं.

दोनेक वर्षं गेली असतील. आमच्या शेजारी एक निवृत्त मास्तर राहायचे. त्यांनाही तेच दुखणं लागलं. आम्हाला वाटलं, आता हेही कोल्हापूरला जाणार. पण डॉक्टरांनी त्यांना नव्या गोळ्या दिल्या. पावसाळा संपायच्या आत मास्तर ठणठणीत झाले आणि कुर्ल्यांचं कालवण खायला आमच्याकडे जेवायला आले. रांधलं बाबांनीच. मास्तर दातांनी नांग्या फोडत, बोटं चाटत जेवले आणि तिसऱ्यांदा भात मागितला. बाबांनी तो वाढला.

मास्तर गेल्यावर आई भांडी घेऊन उठली आणि तिथेच खाली बसली. "दोन वरसां," ती म्हणाली. "दोन वरसां कशीय काढली असती तर ही गोळी गावली असती. नायतर मुंबैक तरी गेलंव असतंव. सगळी शीर तरी गेली नसती."

"तेवा गोळी खंय होती?" बाबा म्हणाले. "आणि घाई माझी होती. बोटीची घाई. डॉक्टरान सरळ सांगलेल्यान, मियाच आयकूक नाय."

त्यांचा आवाज चढला नव्हता. त्यांना हळहळताना मी एवढ्या एकाच वेळी पाहिलं.

दशक सरत आलं तेव्हा मी शिक्षिका झाले होते. एका कामासाठी कोल्हापूरला गेले असताना त्या दवाखान्यात डोकावले. सर्जनना बाबा आठवत नव्हते, पण बोटीवरचे स्वयंपाकी म्हटल्यावर त्यांनी समोरची खुर्ची ओढून दिली. बाबांची भूक ऑपरेशननंतर गेली ती गेलीच, हे मी सांगितलं. "आता मी बारीक फांद्यांचं ऑपरेशन करतो," ते म्हणाले. "हात बसला. पण पेशंट येत नाहीत आता त्यासाठी. गोळ्यांनीच बरे होतात." मग त्यांनी हळूच विचारलं, "अजून भूक लागत नाही त्यांना?"

"नाही."

त्यांनी खिडकीकडे तोंड केलं. मला त्यांची समजूत घालावीशी वाटली. नुसता नमस्कार करून निघाले.

परतीची एसटी घाट उतरून फोंड्याला थांबली. सकाळपासून पोटात काही नव्हतं. स्टँडवर वडे तळत होते आणि त्या वासाने माझ्या पोटात असा खड्डा पडला की मी उभ्याउभ्याच दोन वडे खाल्ले, जीभ भाजली तरी. खाताना डोळ्यांत पाणी आलं. मिरचीचं म्हणून पुसून टाकलं.

घरी पोचले तेव्हा बाबा ओटीवर होते. सर्जनविषयी त्यांनी एकच विचारलं, "बरो आसा मा?" बरे आहेत म्हटलं. मग विचारलं, "वाटेत काय खाल्लंस?"

"फोंड्याक वडे."

"कसे होते? सांग बघू."

मी त्यांच्या शेजारी बसले आणि सांगायला लागले. कढईतून काढल्या काढल्या कसे दिले, बटाट्यात आलं किती होतं, वरचं कसं कुरकुरीत, आणि मला किती भूक लागली होती. बाबा डोळे मिटून ऐकत होते. मी थांबले की म्हणत, "मगे?"